तुम्ही विचारलेत म्हणून : चार दिवसांचे दूध

निवृत्त झाल्यापासून दूध संस्थांच्या सभांना मला बोलावणे येते आणि माझे बोलणे संपले की कोणीतरी हमखास विचारतो, "डॉक्टर, जंतू औषधांना जुमानेनासे झालेत म्हणता, मग देशाने करायचे तरी काय?" विचारणाऱ्याला बहुधा दोनपैकी एक उत्तर ऐकायचे असते : शास्त्रज्ञांनी नवे औषध शोधावे, किंवा सरकारने बंदी घालावी. पशुधन विकास अधिकारी म्हणून जन्म काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, गरज नसताना औषध न देणे आणि दिले तर नियमाने देणे हे शेतकऱ्याला, पशुवैद्याला आणि माणसांच्या डॉक्टरला परवडेल, अशी सोय जोवर होत नाही, तोवर नव्या औषधाचीही जुन्यासारखीच गत होणार.

काही वर्षांपूर्वी आईला लघवीच्या संसर्गामुळे इस्पितळात ठेवावे लागले. तिसऱ्या दिवशी कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून त्यांना कोणते औषध लागू पडते हे पाहणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट हाती आला. डावीकडे प्रतिजैविकांची नावे आणि उजवीकडे एकेक अक्षर होते. 'एस' म्हणजे औषध लागू पडते, 'आर' म्हणजे पडत नाही. आईच्या कागदावर 'आर'ची रांगच होती. त्या रांगेत सेफ्ट्रायाक्झोन होते, जे मी कितीतरी गायींना टोचले होते. सिप्रोफ्लॉक्सासिनही होते, आणि आमच्या बॅगेतले एन्रोफ्लॉक्सासिन जनावराच्या अंगात गेल्यावर काही अंशी त्याच सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये बदलते. आईचे दुखणे माझ्या इंजेक्शनांमुळे आले असे मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण ती यादी वाचताना माझ्याच बॅगेची झडती चालली आहे असे वाटले.

गोठा आणि इस्पितळ यांचा संबंध तसा सरळ आहे. जनावराला दिलेल्या औषधाचा बराच भाग शेणामुतातून बाहेर पडतो आणि उकिरड्यावाटे शेतात नि ओढ्यात जातो. तेथे लेचेपेचे जंतू मरतात आणि तग धरणारे उरतात. शिवाय जंतूंमध्ये उसनवारी चालते : औषध पचवण्याची युक्ती ते दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतात. कोलिस्टिनला दाद न देणारे असेच एक उसने देता येणारे जनुक २०१५ साली चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडल्याचे जाहीर झाले. कोलिस्टिन हे अतिदक्षता विभागातले अखेरच्या फळीचे औषध, आणि आपल्याकडे ते कोंबड्यांचे वजन वाढावे म्हणून खाद्यात मिसळले जात होते. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली, ते योग्यच झाले. मात्र वजनवाढीवरची बंदी त्यातल्या त्यात सोपी, कारण तेथे आजारी जनावर समोर उभे नसते.

गोठ्यात ते उभे असते. पहाटेच्या धारेला एक सड टणक लागतो, कास तापलेली असते, दुधात गुठळ्या येतात आणि शेतकरी म्हणतो, "दगडी झाली." दगडी म्हणजे कासेचा दाह. सडात प्रतिजैविक सोडले की औषधाचा अंश उतरेपर्यंत दूध संकलनाला घालू नये असा नियम आहे. पंधरा लिटरची गाय असेल आणि चार दिवस दूध ओतायचे, तर साठ लिटर गेले. तीस रुपये भाव धरला तरी अठराशे रुपये झाले. "मग हे दूध घालू कुठे, डॉक्टर?" या प्रश्नाला माझ्याकडे नोकरीभर उत्तर नव्हते, आणि ते दूध कुठे जात होते हे मला ठाऊक नव्हते असेही नाही.

माझी चूक वेगळी. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा तो विषाणूचा रोग आहे आणि प्रतिजैविकाने विषाणू मरत नाही हे मला पुरते माहीत होते. तरीही अंगावर गाठी आलेल्या आणि तापाने फणफणलेल्या बैलाजवळ घरची सगळी माणसे उभी असताना, जखमा चिघळण्याची वाट न पाहता, मी पहिल्याच दिवशी इंजेक्शन भरत असे. नुसते सलाईन नि तापाचे औषध देऊन निघालेल्या डॉक्टरला गाव पुन्हा बोलावत नाही.

म्हणून मला डेन्मार्कचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. डुकरांच्या मांसावर मोठी निर्यात उभी असलेल्या या देशाने १९९५ मध्ये पशुवैद्यांनी औषधविक्रीतून नफा कमावण्यावर बंधन घातले. लिहिणारा आणि विकणारा यांचे पोट वेगळे केले. त्याच वर्षी माणसे, जनावरे आणि अन्न या तिन्हींतील जंतू एकत्र तपासण्याची व्यवस्था सुरू झाली. पुढे तेथे खाद्यातली वजनवाढीची औषधे बंद झाल्यावर दूध तोडलेल्या पिलांत हगवण वाढली आणि उपचारासाठीचा वापर काही काळ वर गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मोजणी चालू असल्याने ते दिसले. २०१० पासून मर्यादेबाहेर औषधे वापरणाऱ्या डुक्करपालकाला 'पिवळे कार्ड' मिळू लागले, फुटबॉलमध्ये मिळते तसे.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. २०१४ पासून शेड्यूल एच-१ मधील, म्हणजे काही प्रतिजैविकांसह चिठ्ठीवरच विकायच्या खास यादीतील, औषधे विकताना दुकानदाराने डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवायची आहे. मी पाहिलेल्या एका दुकानात ती वही इतकी कोरी होती की तिच्यावर पोराचा गृहपाठ झाला असता. केरळने २०१८ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंसाठी राज्याचा स्वतंत्र आराखडा केला आणि पुढे चिठ्ठीविना प्रतिजैविके विकणाऱ्या दुकानांवर छापे घातले. महाराष्ट्रानेही ती वाट धरायला हरकत नाही. पण छाप्याबरोबर तालुक्याला दुधाचे आणि लघवीचे कल्चर करणारी प्रयोगशाळा हवी, नाहीतर डॉक्टर अंदाजानेच लिहिणार. लसीकरण, धारेनंतर सड आयोडिनच्या द्रावणात बुडवणे, इस्पितळात हात धुणे, गावाला स्वच्छ पाणी, या गोष्टींना कोणी औषध म्हणत नाही, तरी औषधाची गरज त्यांनीच कमी होते. कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही दगडीवर सुचवते. सुरुवातीच्या दगडीत मी तो आता आधी सांगतो, आणि कास फारच सुजली असेल तर मात्र त्याच्या भरवशावर राहू नका असेही सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात एका छोट्या संस्थेने ठराव केला, की पशुवैद्याची चिठ्ठी दाखवून वेगळ्या किटलीत आणलेले दूध मोजून ओतायचे आणि सभासदाला निम्मा भाव द्यायचा. सचिवांनी लगेच विचारले, ही रक्कम टाकायची कोणत्या खाती. तसे खाते हिशेबात नव्हते. त्यांनी वहीत मोकळी ओळ शोधून 'औषधी दूध' असे लिहिले आणि पुढचा विषय पुकारला.