ठासणीच्या बंदुकीचा चिरलेला दस्ता: आधी ताण काढला, मग सांधला

चकमकीच्या ठासणीच्या बंदुकीचं किट पुढे सरकलंय, पण मधला सगळा वेळ दस्त्यावरच्या, म्हणजे बंदुकीच्या लाकडी भागावरच्या चिरेने घेतला. म्हणून आजची नोंद फक्त तिच्याबद्दल. नवीन मंडळींसाठी सांगतो: हे भिंतीवर लावायचं मॉडेल आहे. नळी भरीव आहे, तिला कान, म्हणजे दारू पेटवायचं भोक, पाडलेलाच नाही. डागता येणाऱ्या ठासणीच्या बंदुकीला शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवाना लागतो, आणि तिचा चिरलेला दस्ता परवानाधारक कारागिरानेच हाताळावा. पुढे लिहिलंय ते मॉडेलपुरतं.

चीर मनगटाला आहे, म्हणजे हाताची पकड येते त्या बारीक भागाला. नळीमागच्या पट्टीच्या, म्हणजे टँगच्या स्क्रूपासून निघून ती तिरकी चार बोटं मागे गेलीय. दस्ता नेमका इथेच कमजोर असतो. लॉक, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, बसवायला एका बाजूचं लाकूड कोरून काढलेलं, वरून टँगची खाच, खालून चापाची. त्यात आकार खाली वळतो, पण लाकडाचे रेषे सरळच जातात आणि वळणावर मध्येच तुटतात. माझ्या दस्त्यात तर रेषा लॉकच्या खाचेतून आत शिरून दुसऱ्या बाजूने वर बाहेर पडते. चीर त्याच रेषेवरून धावलीय.

पण ती आत्ताच का गेली? किट मुंबईत मित्राच्या कपाटात दमट हवेत पडून होतं, आणि नाशिकला आलं ते ऐन उन्हाळ्यात. हवेतली आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडात साधारण १६ टक्के पाणी राहतं, ३० टक्क्यांवर आली की ६ टक्क्यांच्या आसपास. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं. मध्ये पोलादी टँग घट्ट बसलेली. ती काही आटत नाही. शिवाय स्क्रूचं डोकं खाली निमुळतं, म्हणजे पाचरच. लाकडाला चिरण्यावाचून मार्गच नव्हता.

म्हणून डिंकाला हात लावण्याआधी ताण काढला. टँगला काजळ फासलं, खाचेत हलकेच दाबून उचललं. दोन्ही कडांना आणि मागच्या टोकाला काळे डाग उठले, म्हणजे टँग तिथे लाकडाला अडत होती. तेवढंच पटाशीने खरवडायचं, पुन्हा काजळ, पुन्हा दाबणं. शेवटी कडेने जाड कागद सरकेल इतकी जागा झाली. स्क्रूचं भोकही थोडं मोठं केलं.

काही जण म्हणाले, पावसाळ्यात चीर आपोआप मिटेल, तेव्हा चिकटव. मला हे पटत नाही. फुगलेल्या लाकडात मिटलेली चीर सांधली तर पुढच्या उन्हाळ्यात सगळा ताण त्या सांध्यावरच येणार. त्यापेक्षा दस्ता इथल्या कोरड्या हवेत मुरू दिला, चिरेच्या टोकाशी पेन्सिलची खूण केली आणि ती पुढे सरकायची थांबल्यावरच काम धरलं. खरं टोक शोधायला स्पिरिट उत्तम: पुसलं की पृष्ठभाग लगेच सुकतो, चीर मात्र काळी रेघ बनून मागे राहते.

फेव्हिकॉल इथे नको. जुन्या तेलावर तो धरत नाही आणि कायमच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. सुपरग्लू ठिसूळ. मी सावकाश सुकणारं अरल्डाइट घेतलं, त्यात चिमूटभर तपकिरी रंगाची पूड घातली, कारण सुकलेल्या अरल्डाइटवर स्टेन, म्हणजे लाकडाचा रंग, चढत नाही. आधी ॲसिटोनने चीर धुतली. मग हेअर ड्रायरने लाकूड कोमट केलं, म्हणजे अरल्डाइट पातळ होऊन आत ओढलं जातं. लॉकच्या खाचेकडून ते भरत राहिलो आणि मनगट अंगठ्यांनी अगदी किंचित वाकवत, सोडत राहिलो. पलीकडे आधी बारीक बुडबुडे आले, मग फेस, आणि मग पूर्ण रेषेवर एकसारखे तपकिरी थेंब. ते थेंब दिसल्याशिवाय आवळू नका. वर मेणकागद, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली. क्लॅम्प गोल मनगटावर घसरतात, रबर सगळीकडून सारखं दाबतं.

सुकल्यावर आधाराला ३ मिलिमीटरचा पितळी आट्यांचा गज चिरेला आडवा घातला, तोही लॉकच्या खाचेतून, म्हणजे बाहेरून काहीच दिसत नाही. ड्रिलच्या टोकाला खोलीच्या मापाची टेप लावली होती, पलीकडे भोक पडू नये म्हणून.

आता स्क्रॅपरने सफाई झालीय. नखाला सांधा लागत नाही. डोळ्याला उन्हात तिरकं धरलं तर केसाएवढी रेघ दिसते, आणि मला ती चालेल. पुढे जवसाच्या तेलाचे पातळ हात, खाचांच्या आतूनही, कारण उघडं लाकूड तिथूनच ओल घेतं. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा. तेल सुकलं की लॉक आणि घोडा बसवायला घेतो.