बर्फ वितळल्यानंतरचे पहिले 60 किलोमीटर

गेल्या शरद ऋतूत मला मोटारसायकलचा परवाना मिळाला आणि गाडीवर जेमतेम 400 किलोमीटर होतात न होतात तोच पहिला बर्फ पडला. त्यानंतर चार महिने गाडी आच्छादनाखाली उभी होती आणि नवशिक्या माणसाने हिवाळ्यानंतर रस्त्यावर नेमके कधी उतरावे, हा एकच प्रश्न माझ्या मनात घोळत होता. जाणकारांपैकी कोणी महिन्याचे नाव सांगितले, तर कोणी म्हणाले की रस्ता सुका दिसला की खुशाल निघा. मला या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते आठ दिवसांच्या अंतराने आलेल्या दोन सकाळींत.

पहिल्या सकाळी लख्ख ऊन पडले होते, खिडकीबाहेरचा तापमापक 4 अंश सेल्सिअस दाखवत होता आणि दारासमोरचा डांबरी रस्ता ठणठणीत कोरडा होता. आठ वाजता निघालो. तीन किलोमीटरवर नदीचा पूल लागतो. त्याच्या अलीकडेच कठड्याच्या लोखंडी गजांवर पांढरी, पीठ भुरभुरल्यासारखी किनार दिसली. वेग बेताचाच होता, म्हणून गाडी सरळ ठेवून हळूहळू कडेला घेता आली. हातमोजा काढून मी पुलाअलीकडच्या रस्त्यावर बोट फिरवले; तिथले डांबर खरखरीत होते. दोन पावले पुढे, पुलाच्या सांध्यापलीकडे, तेच बोट काचेवरून फिरावे तसे घसरले. डोळ्यांना तिथे बर्फ दिसतच नव्हता. थोडे अधिक काळे, ओलसर वाटणारे डांबर, एवढेच काय ते दिसत होते.

रस्त्याला खालून जमिनीची थोडीफार ऊब मिळते. पुलाला मात्र वरून आणि खालून थंड हवा लागते, त्यामुळे तो आधी गोठतो. शिवाय हवेचे तापमान मोजतात ते जमिनीपासून साधारण दीड-दोन मीटर उंचीवर, आणि निरभ्र रात्री रस्त्याचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे सोडत त्या हवेपेक्षाही थंड होतो. म्हणजे तापमापकावर 3-4 अंश असतानाही डांबरावर बर्फाचा पातळ थर असू शकतो. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन चांगल्या कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून सुमारे 12 मीटरमध्ये थांबू शकते. बर्फावर तेच अंतर 100 मीटरच्या घरात जाते. दुचाकीच्या बाबतीत तर हा हिशेबही लागू पडत नाही, कारण पुढचे चाक अडकले की तोल जाण्यास क्षणभर पुरतो. मी गाडी वळवली आणि घरी आलो.

मधले आठ दिवस वाया गेले नाहीत. बॅटरी पूर्ण चार्ज केली, टायरमधील हवा गाडी थंड असतानाच तपासली, कारण तापमान उतरले की हवेचा दाबही उतरतो, आणि चेन पुसून तिला तेल दिले. हे काम एका दुपारचे होते. खरा वेळ लागला तो माझ्या स्वतःच्या हातांना. शहराबाहेरच्या एका मोकळ्या वाहनतळावर मी तीन दिवस, दररोज तासभर, फक्त सावकाश चालवण्याचा, आठाच्या आकारात वळण्याचा आणि सरळ रेषेत जोरात थांबण्याचा सराव केला. पहिल्या दिवशी क्लच सोडताना गाडी चार वेळा बंद पडली आणि पुढचा ब्रेक मी दाबण्याऐवजी मुठीत आवळत होतो. ब्रेकवर आधी हलका दाब द्यावा, पुढच्या चाकावर भार येऊ द्यावा आणि मग दाब वाढवत न्यावा, हे मला पाठ होते; चार महिन्यांत बोटे मात्र ते विसरली होती. तिसऱ्या दिवशी कुठे हात बसला. सराव मोडलेला असताना थेट हमरस्त्यावर जाणे मला आजही चुकीचे वाटते, आणि ज्याची सवय अजून मुरलेलीच नाही अशा नवशिक्याच्या बाबतीत तर मी हे आग्रहाने सांगेन.

दुसऱ्या वेळी मी सकाळचे तापमान पाहिलेच नाही. आदल्या दोन रात्रींचे किमान तापमान पाहिले. दोन्ही रात्री पारा 3 अंशांच्या खाली उतरला नव्हता आणि आकाश ढगाळ होते. तरीही मी अकरा वाजेपर्यंत थांबलो. तेव्हा हवेचे तापमान 11 अंश होते. पूल कोरडा होता, तो मी ताशी 30 किलोमीटर वेगाने, ब्रेकला किंवा अ‍ॅक्सिलरेटरला अचानक हात न घालता ओलांडला.

पुढचा रस्ता जंगलातून डोंगराच्या उतारावर चढत जातो. बर्फ गेला तरी बर्फासाठी टाकलेली वाळू आणि बारीक खडी मागे उरते, हे मी ऐकले होते. ती कुठे साठते, हे मात्र त्या रस्त्यावर कळले. मोटारींच्या चाकांखालचे दोन पट्टे स्वच्छ असतात आणि वाळू त्या पट्ट्यांच्या मधोमध, रस्त्याच्या कडेला आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला ढकलली जाते. एका उजव्या वळणावर मी नकळत पट्टा सोडून मध्ये आलो, आणि पुढच्या चाकाखालून दाणे चुरडल्याचा बारीक करकर आवाज ऐकू आला. हँडल हातात क्षणभर हलके, अधांतरी झाल्यासारखे वाटले. मी काही केले नाही, आणि तेच बरोबर होते. ब्रेक लावला असता तर गाडी आडवी झाली असती. त्यानंतर प्रत्येक वळणाआधी, गाडी सरळ असतानाच, वेग कमी करून मी चाकांचा पट्टा धरून चालवू लागलो. गोठलेले पाणी आकारमानाने सुमारे 9 टक्क्यांनी वाढते, त्यामुळे डांबराच्या भेगा हिवाळाभर फाकत जातात आणि नवे खड्डेही नेमके याच दिवसांत उघडे पडतात. नजर दूर ठेवावी लागते आणि जवळचेही सोडून चालत नाही.

सुमारे 20 किलोमीटरनंतर बोटे आखडू लागली. वर चढता चढता हवा 5 अंशांवर आली होती, आणि ताशी 60 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात उघड्या त्वचेला ती उणे 2 अंशांसारखी जाणवते. मोज्यांनी काही काळ निभावले, पण क्लच कुठे पकडतो हे बोटांना जाणवेनासे झाले, तेव्हा मी थांबलो, गाडीपासून दूर उभा राहून हात खाकेत धरले आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा निघालो. थंडी सहन होते की नाही, हा प्रश्न इथे गौण आहे. ब्रेकची बोटे जागी हवीत.

30 किलोमीटरवर, खिंडीच्या अलीकडे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे मळकट ढीग अजून कंबरभर उंच होते आणि त्यांतून वितळलेल्या पाण्याच्या धारा सावलीतून रस्ता ओलांडत होत्या. पुढचे वळण उत्तरेच्या उताराला होते. तिथे ऊन पोहोचलेले नव्हते. खिंड पाहण्याची मला मनापासून इच्छा होती. मी इंजिन बंद केले आणि थोडा वेळ ते पाणी पाहत उभा राहिलो. दुपार कलल्यावर याच धारा पुन्हा गोठणार होत्या. मी तिथूनच परतलो.

उतरताना एका चौकात एक मोटार माझ्याकडे पाहूनही माझ्यासमोर आली. हिवाळाभर दुचाकी न दिसल्याने चालकांची नजरही तिला सरावलेली नसते. मी वेग कमी ठेवून होतो, त्यामुळे थांबता आले.

तीन वाजता घरी पोहोचलो. रस्त्यावरच्या मिठाने चेन आणि चाकांच्या तारा पांढऱ्या पडल्या होत्या. कोमट पाण्याने त्या धुऊन, कोरड्या करून चेनला पुन्हा तेल दिले. संध्याकाळी अंदाज पाहिला, तर रात्री निरभ्र आकाश आणि उणे 2 अंश. गाडीवर आच्छादन पुन्हा ओढले आणि हेल्मेट खुंटीला लावले.