जळालेल्या यानाचं कारण सापडतं कसं?

नागपुरात मी धातूंच्या बिघाडाची तपासणी करते. तुटलेला शाफ्ट, फुटलेली बॉयलरची नळी, तडा गेलेला गिअर असं काहीबाही माझ्या टेबलावर येतं. २०२२च्या गुढीपाडव्याला रात्री आपल्याकडच्या आकाशातून पेटती रेघ गेली आणि चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला धातूची भलीमोठी कडी पडली. तेव्हापासून लोक मला हमखास विचारतात, "यान आकाशातच जळून विखुरलं, तर कारण सापडतं कसं?"

उदाहरण म्हणून नासाच्या कोलंबिया या अंतराळयानाचं सांगते. १ फेब्रुवारी २००३ला परतीच्या वाटेवर ते टेक्सासवर फुटलं. कल्पना चावलासह सातही जण गेले.

जमिनीवरून सुमारे ८४ हजार तुकडे गोळा झाले. वजनाच्या हिशेबात ते यानाच्या जेमतेम ३८ टक्के होते. फ्लोरिडातल्या एका हँगरच्या जमिनीवर यानाचा आराखडा आखून प्रत्येक तुकडा आपापल्या जागी मांडला गेला. पण नुसती मांडणी करून भागत नाही. यान फुटल्यावर सगळंच जळतं, त्यामुळे आधी काय जळलं आणि नंतर काय, हे वेगळं काढावं लागतं. माझ्या मते तपासाचा जीव इथेच आहे. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला कार्बनची उष्णतारोधक पॅनेलं होती. आठव्या पॅनेलच्या आतल्या बाजूला वितळलेल्या धातूचे थर बसले होते. पॅनेलच्या मागे बसवलेल्या उष्णतारोधक आवरणातला निकेलचा मिश्रधातू सर्वांत खाली होता आणि पंखाच्या सांगाड्याचं ॲल्युमिनियम त्याच्यावर. म्हणजे आधी आवरण वितळलं, मग सांगाडा. शेजारच्या कडा आतून झिजून सुरीच्या पात्यासारख्या पातळ झाल्या होत्या. तप्त हवा पॅनेलमधून आत शिरली होती, हे त्यावरून कळलं.

तरी एकाच साक्षीवर कोणी थांबलं नाही. टेक्सासच्या रानात यानातला एक रेकॉर्डर सापडला, तोही चांगल्या स्थितीत. त्यातल्या नोंदींनुसार डाव्या पंखाच्या कडेमागे तापमान आणि ताण वाढायला लागला होता, आणि तेही जमिनीवरच्या नियंत्रण कक्षाला पहिली गडबड दिसण्याच्या काही मिनिटं आधी.

मग प्रश्न उरला पॅनेल फुटलं कशानं. उड्डाणानंतर ८२व्या सेकंदाच्या सुमारास बाहेरच्या इंधनाच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून पंखावर आदळताना चित्रफितीत दिसला होता. एक किलोही नाही, त्यात हलका फोम! त्यानं काय होणार, असं अनुभवी माणसांनाही वाटत होतं. म्हणून जुलै २००३मध्ये सॅन अँटोनिओत खऱ्या पॅनेलवर गॅसच्या तोफेनं, ताशी आठशे किलोमीटरहून अधिक वेगानं तसाच फोम मारला. सुमारे ४० सेंटिमीटरचं भोक पडलं. वाद तिथे संपला.

एक गोष्ट मात्र अजून सलते. यान कक्षेत असताना पंखाचे फोटो काढून द्या, अशी विनंती अभियंत्यांनी केली होती. ती वरपर्यंत टिकली नाही. चौकशी मंडळानं अहवालात फोमच्या बरोबरीनं नासाच्या कारभारालाही कारण ठरवलं. मला ते शंभर टक्के पटतं. तुटलेल्या शाफ्टबद्दल लिहितानाही, तडा आधीच दिसला असताना मशीन कोणी चालू ठेवलं, हे मी विचारतेच. मालकाला ते आवडत नाही.

आणि त्या तुकड्यांचं पुढे काय झालं, हेही लोक विचारतात. १९८६मध्ये उड्डाणातच फुटलेल्या नासाच्या चॅलेंजर यानाचे अवशेष क्षेपणास्त्रांच्या जुन्या भुयारांत पुरून टाकले. कोलंबियाचे मात्र केनेडी अंतराळ केंद्रात जपून ठेवले आहेत, आणि संशोधकांना अभ्यासासाठी ते उसने दिले जातात.