दीपगृहाचा किरण आणि बोंबलांची दोरी

रत्नागिरीच्या दीपगृहाचा झोत दाखवताना मी भाचीला किरणाची व्याख्या सांगितली : ज्याला एक आरंभबिंदू असतो आणि जो एकाच दिशेने अमर्याद जातो, तो किरण. दोन खांबांमध्ये बोंबील वाळवण्यासाठी ताणलेली दोरी रेषाखंडासारखी, कारण तिला दोन अंत्यबिंदू असून तिची लांबी मोजता येते. (दोरीला जाडी असते, रेषाखंडाला नसते, हे तिनेच मला सुनावले.) क्षितिजाला रेषा म्हणण्याची चूक मात्र मी वर्षानुवर्षे केली, समुद्रावर दिसणारे क्षितिज वस्तुतः आपल्याभोवतीच्या प्रचंड वर्तुळाचा कंस असते. शालेय भूमितीत बिंदू, रेषा व प्रतल (सर्व दिशांना पसरलेला सपाट पृष्ठभाग) या संकल्पना व्याख्येविनाच स्वीकारतात. ग्रीक गणिती युक्लिडने मात्र इ.स.पूर्व ३०० च्या सुमारास ज्याला भाग नाही तो बिंदू, अशी व्याख्या केली होती.