पश्चिमेच्या भिंतीजवळचं पालो ब्लांको

अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या टूसॉन शहरात, आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला जूनमधल्या दुपारी हात लावता येत नाही. तिथे काय लावायचं यावर नवऱ्याचं उत्तर होतं, "दगड." मी पालो ब्लांको लावलं. मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यातलं हे बाभळीच्या गोतातलं झाड, उंची साधारण १५-२० फूट. खोड पांढरट, साल कागदासारखी सुटत राहणारी. पानं म्हणाल तर लांब चपटे देठ लोंबतात आणि टोकाला चिमुकल्या पर्णिका. पाणी तुटलं की पर्णिका गळतात, पण हिरवे देठ अन्न तयार करत राहतात. सावली अर्थातच झिरझिरीत. मला सोलापूरकरणीला तेवढी पुरते!

खरं काम खड्ड्याचं. मातीखाली इथे 'कॅलिची' लागते, चुन्याने दगडासारखा झालेला थर. तो पहारीने फोडला, खड्ड्यात पाणी भरलं आणि ते मुरतंय याची खात्री केली. शेणखत मुद्दामच घातलं नाही. वाळवंटातल्या झाडाला त्याच मातीत मुळं पसरायची असतात.

पाणी क्वचित, पण खोलवर. झाड वाढेल तशी ठिबकची नळी खोडापासून लांब सरकवते. जुलैत मान्सून आला (हो, इथेही मान्सूनच म्हणतात) की नळ बंद. हिवाळ्यात दव गोठण्याइतकी थंडी पडली तर फांद्यांची टोकं करपतात, म्हणून ती तापलेली भिंत कामाची.

वसंतात दुधाळ रंगाचे तुरे येतात. सासूबाईंनी फोटो बघून विचारलं, "ही बाभूळ? मग काटे कुठायत?"