तोजीच्या आवारातील २१ तारीख

क्योतोला राहायला आल्यापासून दर महिन्याची २१ तारीख मी शक्यतो मोकळी ठेवते. त्या दिवशी क्योतो स्थानकापासून पायी पंधरा मिनिटांवर असलेल्या तोजी मंदिराच्या आवारात दिवसभर बाजार भरतो आणि आपण जसे ‘विठोबाला जाऊन येतो’ म्हणतो, तितक्याच सहजपणे इथली माणसे ‘कोबो-सानला जाऊन येतो’ असे म्हणतात. कोबो दाइशी हे कूकाई या बौद्ध भिक्षूंना मरणोत्तर मिळालेले नाव. सम्राट सागा यांनी ८२३ मध्ये हे मंदिर त्यांच्या स्वाधीन केले, आणि ८३५ मध्ये तिसऱ्या चांद्रमासाच्या २१व्या दिवशी त्यांचे देहावसान झाले. पुण्यतिथीच्या दर्शनाला माणसे येऊ लागली आणि त्यांच्यामागून विक्रेते आले. मंदिराच्या दक्षिण दरवाजासमोर चहा विकणाऱ्यांचा उल्लेख १४०३ च्या कागदपत्रांत सापडतो. आपल्याकडच्या जत्रा तरी याहून वेगळ्या कशा वाढल्या?

सकाळी लवकर पोहोचावे, हे माझे मत. सुमारे ५५ मीटर उंचीचा पाच मजली लाकडी मनोरा तेव्हा कोवळ्या उन्हात उभा असतो आणि विक्रेते अजून गाठोडी सोडत असतात. लोणची, सुकी मासळी, सुऱ्या, कुंडीतली रोपे, निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या वाट्या यांतून वाट काढत मी पुढे जाते. कुंचल्यांच्या दुकानापाशी मात्र क्षणभर थांबते, कारण कूकाईंचे अक्षर फार सुंदर होते आणि ‘कोबो कुंचला निवडत बसत नाहीत’ अशी म्हण जपानी भाषेत त्यावरूनच रूढ झाली आहे. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही आपली म्हण तीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सांगते.

माझे पाय खरे वळतात ते जुन्या कापडांकडे. किमोनोंच्या ढिगाऱ्यांत रेशीम पुष्कळ असते, पण मला ओढ लागली आहे ती ‘बोरो’ची. बोरो म्हणजे फाटके, जीर्ण. ठिगळावर ठिगळ लावून पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले कापड. जपानच्या थंड ईशान्य भागात कापूस पिकत नसे. त्सुगारू प्रांतात तर शेतकऱ्यांना सुती कपडे वापरायला मनाई होती. तेथील बायका भांगेच्या खोडापासून काढलेल्या धाग्याचे भरड कापड विणत, त्याचे थर एकावर एक ठेवून टाके घालत आणि दक्षिणेकडून जहाजांनी येणाऱ्या जुन्या सुती कापडाचा तळहाताएवढा तुकडाही वाया जाऊ देत नसत. या शिवणाला ‘साशिको’ म्हणतात. आपल्या गोधडीतला धावदोरा ज्याने पाहिला आहे, त्याला साशिको समजावून सांगावे लागत नाही.

गेल्या महिन्यात एका आजींच्या चटईवर मला असाच एक हातभर तुकडा दिसला. मूळ कापड गडद निळे होते, मधोमध विरून आकाशी झाले होते, आणि त्यावर तीन वेगवेगळ्या निळ्या छटांची ठिगळे होती. आजींनी तो उलटा करून दाखवला. एका कोपऱ्यातले टाके बारीक आणि सरळ रेषेत होते, तर शेजारच्या ठिगळावरचे लांब, थोडे तिरके. ‘हे हात दोन आहेत,’ त्या म्हणाल्या. सासू-सून असतील किंवा आई आणि मुलगी, हे कापडावरून कळत नाही. पण दुसरीने पहिलीचा एकही टाका उसवलेला नव्हता, हे मी बोट फिरवून नीट पाहिले.

त्या निळीशी आपलाही संबंध आहे. जपानी नीळ आपल्याकडच्या झाडाची नव्हे. शिकोकू बेटावरील आवा प्रांतात, म्हणजे आजच्या तोकुशिमात, एका वेगळ्या वनस्पतीची पाने सुमारे शंभर दिवस ओली ठेवून कुजवतात आणि त्यातून रंगाचा कच्चा माल मिळतो. मेजी काळात (१८६८–१९१२) भारतातली स्वस्त नीळ आली, पाठोपाठ कृत्रिम रंग आले, आणि आवाची शेती झपाट्याने आक्रसली. हे वाचल्यापासून जुन्या निळ्या कापडाला हात लावताना मला थोडे अवघडल्यासारखे होते.

किंमत होती ३,००० येन. इथे घासाघीस करतात, पण आवाज न चढवता, वस्तू हातात धरून. ‘मो सुकोशी यासुकु नारिमासेन का’, म्हणजे ‘अजून थोडे कमी होईल का’, एवढे एकदाच विचारायचे. आजी हसल्या, त्यांनी ५०० येन कमी केले, तुकडा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि धुताना साबण लावू नको, सावलीत वाळव, असे बजावले. तो आता माझ्या खिडकीशेजारी, ऊन लागणार नाही अशा भिंतीवर, टाक्यांची बाजू वर ठेवून टांगलेला आहे.