मेंदी, दही आणि खाऱ्या पाण्याचे केस

रविवारी दुपारी पुन्हा मेंदी लावली आणि यावेळी केस इतके छान झालेत ना की म्हटलं लिहूनच ठेवते, कारण तीन-चार वर्षं मी हे चुकीच्या पद्धतीने करत होते.

आमच्याकडे इंदूरला बोरिंगचं पाणी, भयंकर खारं, केसांचा पार काथ्या होतो. सगळे म्हणायचे मेंदी लाव, कंडिशनिंग होईल. मग मी रात्री लोखंडी कढईत मेंदी, आवळा पावडर, चहाचं पाणी आणि वर लिंबू असं सगळं भिजवायची, सकाळी थापून चार तास बसायची, पार कडक वाळेपर्यंत, आणि लगेच शाम्पू. रंग मस्त यायचा पण केस हाताला खरखरीत, विंचरताना तुटायचे, रडू यायचं अक्षरशः.

उन्हाळ्यात रामबागेत मावशीकडे गेले होते, तिथेही अशीच मेंदी भिजवली, तिने कढई बघितली आणि म्हणाली, "अगं, ही तर रंगाची मेंदी! तुला केस मऊ हवेत ना, मग लिंबू कशाला पिळतेस?"

मग मी जरा वाचलं. मेंदीच्या पानात लॉसोन म्हणून रंग असतो, तो केसातल्या केराटिनला (केस ज्याचे बनलेले असतात त्या प्रथिनाला) धरून बसतो, त्यामुळे केस भरीव लागतात, चमकतात. आंबट घातलं की हा रंग पानातून जास्त सुटतो, म्हणून लिंबू. आवळा नि चहातलं टॅनिन (तुरटपणा आणणारा घटक) लोखंडाशी मिळून काळं होतं, म्हणून कढई. म्हणजे माझी सगळी खटपट रंगासाठीच चालली होती! मऊपणा मेंदी स्वतः देत नाही, उलट नुसत्या मेंदीने केस कोरडे पडतात, मऊपणा येतो तो त्यात काय मिसळता आणि नंतर काय करता त्यातून. हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?

आता मावशीची पद्धत. खांद्यापर्यंतच्या केसांना 100 ग्रॅम मेंदी, मलमलच्या कपड्यातून वस्त्रगाळ केलेली (नाहीतर काड्या केसात अडकून बसतात), स्टीलच्या पातेल्यात मोठी वाटीभर ताजं दही, आंबट अजिबात नको, चमचाभर खोबरेल आणि लागेल तसं कोमट पाणी, इडलीच्या पिठाइतकं सैल. अर्धा-पाऊण तास भिजू द्यायचं, लावून वर शॉवर कॅप, तासाभरात धुवायचं. वाळू द्यायची नाही म्हणजे नाही. त्या दिवशी नुसतं पाणी, रात्री तेल, शाम्पू दुसऱ्या दिवशी. शेवटची बादली मी नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याची घेते, त्यासाठी आदल्या दिवशी भरून ठेवते, बोरिंगच्या पाण्यापेक्षा खूप फरक पडतो.

दह्यामुळे रंग कमी चढतो, पण पांढरे केस असतील तर ते नारिंगी दिसणारच, मावशीचे दिसतात आणि तिला ते आवडतात.

मेंदी मी राजवाड्याजवळ मारोठिया बाजारातून सुटी आणते, सोजतची. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातलं हे सोजत, तिथल्या मेंदीला 2021 मध्ये जीआय टॅग (त्या भागाची खास ओळख सांगणारी सरकारी नोंद) मिळालाय. ताजी पावडर हिरवट असते आणि वाळलेल्या गवतासारखा वास येतो, तपकिरी पडलेली घेऊ नका.

आणि एक अगदी मनापासून सांगते, दहा मिनिटांत केस काळेभोर करणारी "काळी मेंदी" आणू नका. मेंदीचा रंग नारिंगी-तांबूस, ती काळी होतच नाही, त्या पुड्यांमध्ये बऱ्याचदा पीपीडी असतं, म्हणजे केस काळे करणारं रसायन, त्याची काहींना जोरदार अ‍ॅलर्जी होते. माझ्या चुलतबहिणीचं कपाळ आणि पापण्या अशा सुजल्या होत्या की डोळे उघडेनात, आणि पुडीवर हर्बल लिहिलेलं! पाकिटामागचं नीट वाचा, आणि साधी मेंदीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस वाट बघा. ज्यांना जी-सिक्स-पीडीची (रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता आहे त्यांनी मात्र मेंदी लावूच नये, लहान मुलांना तर नाहीच.

मी आता दीड-दोन महिन्यांतून एकदाच लावते. दुपारी बाराला बसायचं आणि चारच्या आत धुवून मोकळं व्हायचं, थंडीत माळव्याची संध्याकाळ फार लवकर गार होते आणि ओल्या डोक्याने मला लगेच सर्दी होते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत सुट्टी, तेव्हा फक्त तेल.